ढगांची वाट पाहणारा

होडीत तिच्या नेहमीच्या जागेवर एक भलंथोरलं लाकडी खोकं बसलं होतं, आणि खोक्याला दोन्ही हातांनी कवटाळून एक माणूस.

"हे जरा बाजूला घेता का? मी इथे बसते," ती म्हणाली. उशीर झाला होता, केस ओलेच गुंडाळले होते, आणि सूर्य काही कुणाच्या केसांसाठी थांबत नाही.

"घेतलं असतं हो," माणूस जागचा हलला नाही. "पण हे कुठे आपटलं, तर तुमच्या सूर्यालाच तडा जायचा."

"म्हणजे?"

"आत आरसा आहे. तुमच्या वेधशाळेचा. नवाकोरा. जुन्याशी ताडून शेवटची झिलई तेवढी द्यायची आहे."

तेव्हा कुठे तिच्या डोक्यात प्रकाश पडला. वेधशाळेचे प्रमुख सर कधीपासून सांगत होते, आरसेवाला येणार आहे म्हणून. तिने आपलं गृहीत धरलं होतं, असेल कुणी जाड चष्म्याचा म्हातारा. हा तर... ती मुकाट्याने पुढच्या फळीवर जाऊन बसली.

वेधशाळा तळ्याच्या मधोमध, एका खडकाळ बेटावर होती. जमीन तापली की वरची हवा थरथरते आणि सूर्याचं चित्र विस्कटतं. पाण्यावर तसं होत नाही, म्हणून कुण्या शहाण्याने ती तिथे बांधली होती. रोज सकाळी होडीने जायचं, ऊन उतरलं की होडीने यायचं. इतकी वर्षं तिचं हेच चाललं होतं, आणि तिला त्यात काही कमी आहे असं वाटलंही नव्हतं.

"आज आभाळ कसं राहील?" मागून प्रश्न आला.

"स्वच्छ. बरेच दिवस असंच राहील."

"अरेरे."

ती गर्रकन वळली. "अरेरे काय?"

"ढग आले तरच तुम्ही लोक मनोऱ्यावरचा जुना आरसा खाली उतरवू देणार. ऊन असलं की कोण हात लावू देतंय? म्हणून मी आपला ढगांची वाट पाहतो."

"इथे असलं बोलू नका," नावाडीकाका वल्हं मारता मारता म्हणाले. "बाई पाण्यात ढकलून देतील."

"पोहता येतं मला."

"आणि आरशाला?" ती म्हणाली.

तो मोठ्याने हसला. पण खोक्याभोवतीची मिठी मात्र घट्ट झाली, हे तिने पाहिलं. आणि का कोण जाणे, बेटावर उतरेपर्यंत तिला पुन्हा एकदा मागे वळून बघावंसं वाटत राहिलं.

ढग आले. त्याने बोलावल्यासारखेच आले. जुना आरसा उतरला, मनोऱ्याखालच्या पत्र्याच्या शेडमध्ये नव्याशेजारी गेला, आणि तिच्या अंधाऱ्या खोलीतलं पांढरं टेबल रिकामं पडलं. एरवी त्या टेबलावर ताटाएवढा लालभडक सूर्य उतरायचा, त्याच्यावरचे डाग ती दिवसभर न्याहाळायची. आता न्याहाळायला काही नव्हतं. मग चहाचे दोन कप घेऊन ती शेडमध्ये जाऊ लागली. एक कप नेला असता तर सहज दिसलं असतं. दोन कपांमागे कारण लागतं. ते ती रोज वाटेत शोधायची.

तो नव्या काचेभोवती फिरत असायचा. टेबलाभोवती एक एक पाऊल टाकत, डांबर लावलेली जड चकती काचेवरून पुढे-मागे ढकलत. बोलायचा भरपूर, पण हात थांबायचा नाही.

"सूर्यबाई," एकदा त्याने विचारलं. हे नाव त्याने परस्पर ठेवून टाकलं होतं. "तुम्ही त्या काळोखात बसून नक्की कशाची वाट पाहता?"

"ज्वालेची. सौरज्वाला."

"आग?"

"आग नाही हो. तिथे जळण्यासारखं काही नसतं." तिने बादलीतलं त्याचं ओलं फडकं उचललं. "हे टोक धरा. सूर्यावर डाग असतात ना, तिथून चुंबकीय रेषा बाहेर येतात. कमानीसारख्या. एका डागातून निघायचं, दुसऱ्यात शिरायचं. पण खाली सगळा वायू नुसता खदखदतोय. तो या कमानींचे पाय ओढत राहतो, एक इकडे, एक तिकडे..." तिने आपलं टोक पिळायला घेतलं. "पीळ बसत जातो. दिवसेंदिवस. बाहेरून पाहणाऱ्याला काही कळत नाही. पण ऊर्जा साठते ती इथे, या पिळात."

"मग?" पाणी दोघांच्या पायांवर टपटपत होतं.

"मग कधीतरी उलटसुलट दिशेच्या रेषा फार जवळ येतात, तुटतात, आणि तुटल्या तुटल्या नव्याने जोडल्या जातात. वेगळ्याच जोडीदाराशी."

"बाप रे! सूर्यावरसुद्धा?"

"गप्प बसा." तिला हसू आवरेना. "नव्या जोडणीत पीळ कमी असतो. जास्तीची ऊर्जा मोकळी होते. दिवसेंदिवस साठलेलं सगळं, काही मिनिटांत."

"आणि तुम्हाला ते दिसतं."

"तीच तर गंमत आहे. रेषा तुटतात वर, कमानीच्या माथ्यावर. आणि आम्हाला उजेड दिसतो खाली, कमानीच्या पायांशी. मग वरची ऊर्जा खाली इतक्या झटक्यात पोचवतं कोण? बहुतेक म्हणतात, इलेक्ट्रॉन. ते रेषा धरून प्रचंड वेगाने खाली सुटतात, खालच्या दाट थरावर आदळतात. तो थर तापतो, उसळून वर येतो, आणि अख्खी कमान भरून टाकतो. पण हिशेब मांडायला बसलं की इतके इलेक्ट्रॉन वर आलेच कुठून, ते सापडत नाही. म्हणून काही जण म्हणतात, दोरीला झटका दिला की लाट धावते ना, तशी रेषांवरून लाट खाली जाते आणि ऊर्जा नेते."

"आणि सूर्यबाई काय म्हणतात?"

"सूर्यबाई म्हणतात, आधी धड दिसू दे. पायांशी पहिला उजेड नेमका कुठे पडतो, कसा पसरतो, ते स्पष्ट दिसलं तर काही बोलता येईल. जुन्या आरशाने डोळे मिटत आणलेत."

"थोडक्यात, निरोप पोचतो हे ठाऊक आहे. निरोप्या कोण, ते कळत नाही."

"अगदी!" इतक्या वर्षांत तिच्या ताईलासुद्धा हे समजावता आलं नव्हतं.

तो तिच्याकडे बघत होता. फडकं दोघांच्या मध्ये ताणलेलं. तिने नजर खाली वळवली... आणि तेवढ्यात त्याच्या हातातलं टोक एकदम सुटलं. पीळ भरभर उलगडला, पाणी तिच्या तोंडावर उडालं.

"सुटलं," तो म्हणाला, आणि हात खिशात घातला.

ती तोंड पुसत हसत राहिली. तो हसला नाही, हे तिला फार नंतर जाणवलं.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते तिला सांगता आलं नसतं. मनोऱ्याच्या पायऱ्यांवर बसून डबा खाणं. त्याच्या डब्यातलं लोणचं तिने पळवणं, आणि मग तो दोन फोडी जास्तीच्या आणू लागणं. अॅल्युमिनियमचा मुलामा चढवून आरसा टाकीतून बाहेर आला तेव्हा दोघांनी एकाच वेळी त्यात डोकावणं. दोन चेहरे, गालाला गाल लागतील इतके जवळ, आणि दोघंही आरशातल्या एकमेकांकडे बघताहेत...

"कसा दिसतोय?" त्याने हळूच विचारलं.

"आरसा?"

"आरसाच म्हणतोय मी."

घरी ताईने एक दिवस पकडलंच. "आरशासमोर फार वेळ असतेस हल्ली." तिला ठसकाच लागला.

एका संध्याकाळी होडी तळ्याच्या मध्यावर असताना पाऊस आला. नावाडीकाकांनी दोघांच्या अंगावर प्लॅस्टिकचं कापड टाकलं आणि स्वतः भिजत, तोंड फिरवून वल्हवत राहिले. आत पावसाचा ताडताड आवाज, ओल्या लाकडाचा वास, आणि त्याचा खांदा तिच्या खांद्याला टेकलेला. आता नाही तर कधीच नाही, असं तिला वाटलं.

"काम संपल्यावर तुम्ही जाणार..."

"जाणार."

"नका जाऊ," ती म्हणाली. "म्हणजे जा. पण मला सोडून नको जाऊस." तुम्हीचं तू कधी झालं, तिचं तिलाच कळलं नाही.

पाऊस कमी झाला, किनाऱ्यावरचे दिवे दिसू लागले.

"रविवारी आमच्या घरी येशील?" अखेर तो म्हणाला. "आईला भेट. मग बोलू."

आईला भेट! ताईने स्वतःचे कानातले काढून तिच्या कानात घातले. "जास्त बोलू नकोस. आणि सूर्यावरचं तर मुळीच नको," अशी तंबी दिली. बसमध्ये खिडकीजवळ बसून ती वाटभर एकटीच हसत होती.

तो स्टॉपवर घ्यायला आला होता. नीट दाढी, इस्त्रीचा शर्ट, आणि चेहऱ्यावर एक थकवा, जो तिने आधी पाहिला नव्हता. घर छोटं, लख्ख झाडलेलं. आईंनी पाणी दिलं, "लांबून आलीस," एवढंच म्हणाल्या. त्याने तिला थेट आतल्या खोलीत नेलं.

पलंगावर एक माणूस होता. हाडांवर कातडं. पलंगाच्या कडांना उशा बांधलेल्या, कारण त्याचे हात, पाय, मान... सगळं सतत हलत होतं. कुणीतरी आतून ओढावं तसं, न थांबता. डोळे उघडे होते. ते तिच्यावरून फिरले, मुलावरून फिरले, भिंतीवर गेले.

"हे माझे बाबा," तो म्हणाला. "काचेवर यांचा हात असा फिरायचा की बघत राहावं. मी यांच्याकडूनच शिकलो." तो थांबला. "हे रक्तातून येतं. मी तपासणी करून घेतली आहे. मलाही आहे. सुरुवात झाली आहे."

तिला फडकं आठवलं. खिशात गेलेला हात आठवला.

"आधी सांगायला हवं होतं," तो म्हणाला. "पण तू रोज दोन कप घेऊन यायचीस. माझी जीभच उचलेना."

जेवण झाल्यावर तो मुद्दाम बाहेर गेला. स्वयंपाकघरात आई भांडी पुसत होत्या, ती ओट्याला टेकून उभी होती. कानातले जड झाले होते.

"मला कुणी सांगितलं नव्हतं," आई म्हणाल्या. "यांच्या घरच्यांना ठाऊक होतं, पण लपवलं. मला कळलं तेव्हा हा शाळेत जायला लागला होता. तुला आधी कळतंय."

"तुम्ही थांबलात पण."

"थांबले. लोक म्हणतात, केवढं मोठं मन! मन कसलं गं? रोज वाटायचं, उठावं नि माहेरी निघून जावं. आणि रोज सकाळी यांची दाढी करायची राहिलेली असायची." त्यांनी ताट फडताळात ठेवलं. "मी तुला ये म्हणणार नाही. येऊ नकोस असंही म्हणणार नाही. तो माझा मुलगा आहे, मला दोन्ही म्हणवत नाही. पण जायचं असेल तर आत्ता जा. निम्म्यावरून नको जाऊस. निम्म्यावरून गेलेलं त्याला सोसणार नाही."

परतीच्या बसमध्ये ती रडली नाही. घरी आल्यावर ताईने दार उघडून, "काय म्हणाल्या सासूबाई?" असं हसत विचारलं, तेव्हा उंबऱ्यातच ती खाली बसली.

नंतरच्या दिवसांत ती शेडकडे फिरकली नाही. बेट एवढंएवढंसं, तरी दोन माणसं एकमेकांना टाळायची म्हटली की तेही पुरतं. समोर आलीच तर आरशाबद्दल बोलायची. चौकट घट्ट बसली का, कोन जुळला का... त्याने एकदाही विचारलं नाही, काय ठरवलंस. तिला वाटायचं, त्याने विचारावं. त्याने विचारलं असतं तर ती काय म्हणाली असती, ते तिला ठाऊक नव्हतं. रात्री डोळे मिटले की उशा बांधलेला पलंग दिसायचा, आणि पलंगावरचा चेहरा बदलायचा.

नवा आरसा मनोऱ्यावर चढला. आभाळ धुऊन निघाल्यासारखं निळं होतं. पांढऱ्या टेबलावर सूर्य उतरला, आणि तो इतका स्वच्छ होता की सर चष्मा कपाळावर सारून टेबलावर वाकले. डागांच्या कडेचा धागा न् धागा सुटा दिसत होता.

तो दुपारच्या होडीने निघणार होता. निरोप घ्यायला अंधाऱ्या खोलीच्या दारात आला तेव्हा ती टेबलावर वाकलेली होती. डागांच्या मोठ्या झुबक्यापाशी एक ठिपका उजळत होता. मग दुसरा. मग ओळीने...

"इकडे ये," ती कुजबुजली. "लवकर. सुरू झालं."

दोघं टेबलाशी उभे राहिले. ठिपके जुळून दोन लखलखीत पट्ट्या झाल्या, डागांच्या दोन्ही अंगांना, समांतर. त्या लाल उजेडात त्याचा चेहरा तिला दिसत होता. पट्ट्या हळूहळू एकमेकींपासून दूर सरकू लागल्या.

"या दूर का चालल्यात?" त्याने विचारलं.

"आधी खालच्या रेषा तुटून जोडल्या जातात. मग त्यांच्या वरच्या, मग त्यांच्याही वरच्या. वरच्या कमानी मोठ्या, त्यांचे पाय लांब पडतात. म्हणून उजेड बाहेर बाहेर सरकतो." तिने बोटाने दाखवलं. "पट्ट्या जात नाहीत कुठेच. नवे नवे पाय उजळतात."

"आणि मधे? मधे तर काहीच नाही."

"आहे. कमानी आहेत. तापलेला वायू भरतोय त्यांत. या लाल काचेतून आत्ता दिसत नाही. थंड होत आला की दिसेल, काही वेळाने."

"काही वेळाने मी होडीत असेन," तो म्हणाला.

ती पट्ट्यांकडे बघत राहिली.

"दिसलं ना पण, धड?"

"इतकं धड कधीच दिसलं नव्हतं."

"झालं तर मग. माझं काम झालं." दारापर्यंत जाऊन तो थांबला. "सूर्यबाई, वाईट वाटून घेऊ नकोस. तुझ्या जागी मी असतो तर मीही हेच केलं असतं. कदाचित एवढं लाजलोही नसतो."

पावलं दूर गेली. काही वेळाने वल्ह्यांचा आवाज आला. टेबलावरच्या सूर्यावर एकेक कमान उमटू लागली होती, इकडच्या पट्टीपासून तिकडच्या पट्टीपर्यंत. ती टेबलाच्या कडा धरून उभी राहिली. हे सोडून कसं जाणार, असं ती स्वतःला सांगत होती. खरं तर कॅमेरा आपलं आपण सगळं टिपत होता, तिने तिथे उभं राहायची काही गरज नव्हती. आणि हे तिला तेव्हाही माहीत होतं.

त्या ज्वालेमुळे तिचं नाव झालं. पायांशी पहिला उजेड कसा दाण्यादाण्याने फुटतो, ते इतकं स्पष्ट फार थोड्यांनी टिपलं होतं. ते इलेक्ट्रॉनांकडेच बोट दाखवत होतं. लाटांवाले मात्र अजून ऐकायला तयार नव्हते. परगावच्या लोकांनी बोलावून तिची भाषणं ठेवली. "एवढा चांगला आरसा केला कुणी?" असं कुणी विचारलं की ती घाईने पुढचं चित्र दाखवायची.

"झालं ते बरंच झालं म्हण," एकदा ताई म्हणाली.

"नाही झालं बरं," ती म्हणाली. "तू पुन्हा असं म्हणू नकोस."

पुढच्या पावसाळ्यात एक दिवस सर सहज म्हणाले, "त्या आरसेवाल्याचे वडील गेले म्हणे. सुटले बिचारे." तिने हातातलं काम ठेवलं, आणि कुणाला काही न सांगता बस पकडली.

दार आईंनीच उघडलं. त्या एकदम म्हाताऱ्या झाल्या होत्या. ती ओल्या साडीने दारात उभी होती.

"भेटायला आलीस?" आई म्हणाल्या.

"हो... म्हणजे, नाही. राहायला आले. तुम्ही ठेवून घेतलंत तर."

आईंनी दार धरूनच विचारलं, "भीती गेली?"

"नाही. तेवढीच आहे. पण तिकडेही रोज हीच भीती घेऊन बसायची. तो कसा असेल, आज पडला असेल का... लांब राहून काही कमी झालं नाही, आई."

आईंनी पदराने तोंड पुसलं. "आत ये," त्या म्हणाल्या. "चपला आतच काढ, बाहेर वाहून जातील. तो आरशांच्या कारखान्यात गेलाय. पोरांना शिकवतो आता. स्वतः काचेला हात लावत नाही."

आतल्या खोलीतला पलंग भिंतीला उभा केलेला होता. तिने त्याच्याकडे पाहिलं, नजर काढली नाही. मग टॉवेल घेऊन ती बाहेरच्या खोलीत आली, तेवढ्यात फाटक वाजलं.

तो रेनकोटमध्ये नखशिखांत भिजून आला होता. चालणं बदललं होतं. एक पाऊल जरा जास्तच बाहेर पडत होतं. तिला पाहून तो दारातच थबकला.

"कोण आलंय बघ," आई म्हणाल्या आणि आत निघून गेल्या.

"कशाला आलीस?" त्याचा आवाज जड झाला होता. "तुझी ज्वाला... मी वाचलं सगळं. किती आनंद झाला होता मला. आता कशाला आलीस?"

"तुझ्याकडे आले."

"तू पाहिलंयस ना सगळं?"

"पाहिलंय. म्हणूनच एवढा वेळ लागला."

तो मान खाली घालून उभा राहिला. केसांतून पाणी निथळत होतं, नाहीतर तो रडतोय हे लगेच दिसलं असतं. मग त्याने रेनकोटच्या गळ्याशी हात नेला. बोटं बटणावरून घसरली. पुन्हा नेली, पुन्हा घसरली. ती झटकन पुढे झाली.

"नको," तो म्हणाला. "अजून जमतं मला."

"बरं," ती म्हणाली, आणि थांबली.

त्याची बोटं थरथरत, अडखळत बटणाशी झटत राहिली. पहिलं बटण सुटलं. मग बराच वेळ काहीच नाही, आणि मग दुसरं. बाहेर पाऊस कोसळत होता, जमिनीवर पाण्याचं थारोळं होत होतं, आत आईंनी कुकर लावला होता. तिला कुठेही जायचं नव्हतं. ती कोरडा टॉवेल हातात धरून त्याच्यासमोर उभी राहिली, शेवटचं बटण सुटेपर्यंत.